वेटिंग हॉलमधले आंबे

मे महिना लागला की मी कशेळ्याला जायचं टाळतो. खरं तर माझं गाव. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, माझी अक्कल आणि माझी भाषा दोन्ही तिथल्याच बाजारात घडल्या. पण मेमध्ये वाड्यांवरच्या बायका जीपच्या थांब्यापाशी सागाच्या पानांवर आंब्यांचे वाटे मांडून बसतात, आणि उन्हात तापलेल्या त्या आंब्यांचा वास आला की मला मळमळतं. यात मिरवण्यासारखं काही नाही. या भागात जन्मलेल्या माणसाला आंब्याची किळस यावी, हे लोकांना एखाद्या आजारासारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात बँकेच्या कामासाठी जावंच लागलं. जीपमधून उतरलो तोच एका म्हातारीने आंबा थेट माझ्या नाकाशी धरला.

“घे रं बाबा. झाडावर पिकलेला हाय, पावडरीचा नाय.”

“नको.”

“आंब्याला नको म्हनतो! साखर झालीय का रं तुला?”

शेजारची म्हणाली, “नाय गं, मास्तरांचा पोरगा तो. फॉरेनला व्हता. त्याला आपला आंबा कशाला गोड लागंल?”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. ओठ किती ताणायचे, दात किती दाखवायचे आणि कधी आवरतं घ्यायचं, हे माझ्या चेहऱ्याला मला न विचारताच जमतं. आयुष्यभर परदेशातल्या वकिलातींत नोकरी केली, तिची ही कमाई. बँकेतलं काम उरकलं आणि मी नाकाला रुमाल लावून परतीची जीप पकडली.

आता मी कर्जतला राहतो. इमारतीतल्या लोकांना माझं भारी कौतुक. गणपतीत आरतीला मला पुढे उभं करतात आणि पाहुण्यांना सांगतात, “हे आमचे काका, डिप्लोमॅट होते.” त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं मला माहीत आहे: झुंबरं, काळा कोट, राजेरजवाड्यांशी हस्तांदोलन. मी राजदूत कधीच नव्हतो. कॉन्सुलर विभागातला मधल्या फळीचा अधिकारी होतो. हरवलेले पासपोर्ट, तुरुंगातले आपले लोक, दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांच्या बायकांची खरेदी, मेलेल्यांचे कागद, हे माझं राज्य. जेवणाच्या टेबलावर कोणाच्या उजव्या हाताला कोण बसेल यावर आम्ही दोन दोन दिवस बैठका घेतल्या आहेत. एकदा एका वकिलातीच्या पाहुण्याला खांबाआड खुर्ची मिळाली, तर ते निस्तरण्यात माझा अख्खा आठवडा गेला होता.

आणि पत्रं. तिथल्या सरकारी खात्याला जाणारं आमचं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू व्हायचं: ही वकिलात आपणांस आदरपूर्वक अभिवादन करते आणि कळवण्याचा बहुमान घेते की... शेवटही ठरलेला, आपल्याविषयीच्या परम आदराची पुन्हा ग्वाही देऊन. मधल्या चार ओळी बदलायच्या. गाडीला नंबरप्लेट हवी असली तरी बहुमान, कोणी तुरुंगात मेला तरी बहुमान. संगणकात साचा तयार असायचा. मी तो इतका वापरला की बायको आजारी असताना तिच्या डॉक्टरला लिहिलेल्या चिठ्ठीतही मी “परम आदर” लिहून बसलो होतो.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण गेल्या आठवड्यातलाच एक फोन. सुरेखाचा. खोपोलीजवळच्या साजगावला राहते, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला आहे. तिचा नवरा गजानन आधी तिथल्याच एका कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर आखातात गेला आणि तिथेच वारला. तेव्हा मी त्या देशात होतो, कागद माझ्या हातून गेले. त्याला आता चौदा उन्हाळे झाले. तेव्हापासून ती मला दादा म्हणते.

“दादा, अंकिताला जरा समजवा. पोलीस भरतीचा फारम भरलाय तिनी, मला इचारलं पन नाय. रोज सकाळी पळायला जाते. तिच्या बापाचं काळीज कसं बंद पडलं तुमाला म्हाईत हाय. तिचं पन तसंच असंल तर? मी तिला आजवर कदी पळू दिली नाय. तुमी सांगितलं तर ऐकंल ती. रविवारी घेऊन येते.”

“या,” म्हटलं आणि फोन ठेवला.

गजाननच्या काळजाला काहीही झालेलं नव्हतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

त्या मोसमाबद्दल मी कोणाशी कधी बोललो नाही. तिथला उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा नव्हे. आपल्याकडे कितीही तापलं तरी सावलीत गेलं की बरं वाटतं. तिथे सावलीलाही चटका असायचा, गाडीच्या दाराला हात लावायचा तर रुमाल घ्यावा लागायचा. दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम करून घेऊ नये असा त्या देशाचा नियम होता. पण तो ठरावीक तारखेपासून लागायचा, आणि त्या वर्षी ऊन तारखेसाठी थांबलं नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे आंबा महोत्सव असायचा. देशाची शान वगैरे. विमानाने हापूसच्या पेट्या यायच्या, मोठमोठ्या लोकांना आमंत्रणं जायची. राजदूतांच्या पत्नींनी स्वतः आंबे चाखून पसंत केलेले असायचे, दोरा लागला की पेटी बाद. त्या वर्षी पेट्या चार दिवस आधी आल्या आणि ठेवायच्या कुठे हा प्रश्न पडला. अख्ख्या इमारतीत सगळ्यात गार खोली एकच होती, कॉन्सुलर विभागाचा वेटिंग हॉल, जिथे पासपोर्टसाठी आलेले मजूर बाकांवर बसायचे. तर मग मजुरांनी बाहेर उभं राहावं असं ठरलं. नोटीस मी काढली. ‘काही अपरिहार्य कारणास्तव प्रतीक्षागृह तीन दिवस बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हिंदीत, इंग्रजीत आणि आणखी दोन भाषांत.

दार काचेचं होतं. बाहेर पत्र्याच्या शेडखाली माणसं उभी, अंगावर कंपनीचे निळे डगले, पाठीवर मिठाचे पांढरे डाग. आत बाकांवर ओळीने आंबे, एसीच्या गारव्यात, पेंढ्यात निजलेले. काही जण काचेला हात लावून उभे राहायचे, काच गार लागायची म्हणून. मी दिवसातून दहा वेळा त्या हॉलमधून जायचो आणि दर वेळी तो वास नाकात बसायचा. गोड, दाट, थोडा आंबूस. एका पेटीत दोन आंबे सडले होते ते आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडले.

त्या शेडखाली दुसऱ्या दिवशी सलीम आला. कर्जतचाच मुलगा, गजाननबरोबर एकाच खोलीत राहायचा, एकाच कंपनीत. मराठी ऐकून मी त्याला आत घेतलं. तो खुर्चीत बसेना, उभ्यानेच बोलला.

“साहेब, गजाननभाऊ काल गेला. गच्चीवर डांबर टाकत होतो आमी. दुपारचे एक वाजले असतील. दोनदा बोलला, चक्कर येतेय, सावलीत बसतो. सुपरवायजर बोलला हा पट्टा संपव. तिसऱ्यांदा बोललाच नाय. तसाच खाली बसला. अंगाला हात लावला तर चटका बसला मला, साहेब. घाम पन नव्हता.”

“दवाखान्यात काय लिहिलंय?”

“हार्ट. तुमी लिवून घ्या ना मी सांगतो ते. मी सही करतो.”

मी कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. आणि मग जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, “सलीम, तुझा व्हिसा याच कंपनीचा आहे ना? घरी कोण कोण आहे?” एवढंच. आवाजात काळजी होती. खरी होती की कमावलेली, ते आता मलाही सांगता येणार नाही. तो म्हणाला, “चालतंय साहेब,” आणि गेला. मी टोपण लावून कागद परत गठ्ठ्यात ठेवला.

त्या कंपनीचा मालक महोत्सवाचा यजमान होता. महोत्सव भरायचा ती हिरवळ त्याच्या हॉटेलची होती. मला कोणी खोटं बोल म्हणून सांगितलं नाही. वरिष्ठ फक्त म्हणाले, “महोत्सवाच्या आधी काही पेंडिंग राहायला नको, बघा.” आमच्या धंद्यात एवढं पुरतं. सांगावं न लागता ज्याला कळतं त्याला तिथे चांगला अधिकारी म्हणतात, आणि माझ्या गोपनीय अहवालात वर्षानुवर्षं तेच लिहिलेलं असायचं.

शवागारात जाऊन मी पासपोर्टचा फोटो आणि चेहरा जुळवून आलो. ओठ तडकलेले होते, कपाळावर डांबराचा एक ठिपका. तो कोणीच पुसला नव्हता. मीही पुसला नाही.

मग उरलं घरच्यांचं पत्र. परदेशात माणूस गेला की घरच्यांकडून लेखी घ्यावं लागतं: मृतदेह पाठवावा, आणि मृत्यूबद्दल आमची काही शंका नाही. शंका असली तर शवविच्छेदन, पोलीस, फाईल, महिने. बहुतेक ठिकाणी हे पत्र मिळवायला आठ-दहा दिवस जातात. लोक रडतात, चिडतात, भाऊबंद मध्ये पडतात, कोणीतरी शहाणा वकील गाठतो. मी ते एका फोनमध्ये मिळवलं. कसं, ते सांगतो.

मी साहेबाची भाषा बाजूला ठेवली आणि कशेळ्याच्या बाजारातली काढली. “सुरेखाताई, मी कर्जतचाच हाय. कशेळ्याचा. मला साहेब नका म्हनू, दादा म्हना.”

पलीकडे ती एकदम मोठ्याने रडायला लागली. तोपर्यंत बहुधा रडलीच नव्हती. मी थांबलो. किती थांबायचं हेही शिकवलेलं असतं.

“दादा, काय झालं वो त्यांना?”

“काळीज बंद पडलं, ताई. झोपेत गेल्यासारखं. तरास नाय झाला.”

“पन त्यांना काय नव्हतं वो कदी. ताप पन यायचा नाय.”

“काळजाचं असंच असतं. आत काय चाललंय कळत नाय मानसाला. आता तुमी एक कागद लिवा, मी सांगतो तसं. लवकर आनू आपन त्यांना.”

तिने शेजारून वही मागवली. मी एकेक शब्द सांगत गेलो, ती पुटपुटत लिहीत गेली. ‘आमची काही शंका नाही’ या ओळीशी ती अडली. म्हणाली, “शंका म्हंजे कसली दादा?” मी म्हटलं, “ते असंच लिवायचं असतं.” तिने लिहिलं. वर मी कर्जतच्या माझ्या भावाचा नंबरही दिला, कधी काही लागलं तर म्हणून. घरचा नंबर दिला की माणसाचा विश्वास बसतो. तो कागद कोणीतरी खोपोलीतल्या दुकानातून फॅक्स केला आणि तासाभरात माझ्या टेबलावर आला, वाकड्यातिकड्या अक्षरांत. वरिष्ठ म्हणाले, “कमाल आहे तुमची.”

मी किती भाषा शिकलो, किती परीक्षा दिल्या. पण आयुष्यात सगळ्यात सफाईदारपणे वापरली ती ही भाषा, आईच्या आणि बाजारातल्या बायकांच्या तोंडची. आज कोणी माझ्याशी “तुमी, आमी” असं बोललं की मला बरं वाटायच्या ऐवजी स्वतःच्या जिभेची शिसारी येते.

महोत्सव छान झाला. हिरवळीवर पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा गार केली होती. परदेशी पाहुणे काट्याने आंबा खात होते, कोणाच्या हाताला रस लागला तर लगेच ओला टॉवेल पुढे यायचा. मालक माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ती दुर्दैवी बाब तुम्ही फार संवेदनशीलपणे हाताळलीत. मी अभिवादन केलं. त्याने आपल्या ताटलीतली फोड मला देऊ केली आणि मी ती खाल्ली. मग आत जाऊन ओकलो, तोंड धुतलं, टाय नीट केला आणि परत बाहेर येऊन हसत उभा राहिलो. तेव्हापासून आंबा नाही.

ओकलो म्हणून मी चांगला ठरतो असं कोणी समजू नये. पोटाला जे कळलं ते मलाही कळलं होतंच. तरी मी त्यानंतर आणखी अकरा वर्षं तीच नोकरी केली, बढत्या घेतल्या, निरोप समारंभात शाल घेतली. साजगावला एक बाई आपल्या मुलीच्या छातीला कान लावून झोपते आहे, हे मला कधी सुचलंही नाही. खोटं बोलून झालं की ते फाईलमध्ये संपतं अशी माझी समजूत होती. ते एखाद्या घरात राहायला जाईल, तिथे नियम घालेल, तिथली मुलगी त्याच्या धाकात वाढेल, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवायला कशाला हवं होतं?

रविवारी त्या दोघी आल्या. सुरेखाने येताना घरच्या तांदळाचे पापड आणले होते. अंकिता उंच, काटक, बापाच्या चेहऱ्याची. पासपोर्टवरचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. ती सोफ्याच्या कडेला बसली, पायांत जुने बूट, तळ झिजलेले; दारात ती नाडी सोडायला लागली तेव्हा मीच राहू दे म्हटलं होतं.

“सांगा दादा तिला,” सुरेखा म्हणाली. “यंदा नाय जमलं तर पुढची भरती कदी निघंल म्हाईत नाय म्हनते. मी म्हनते जाऊ दे. जीव मोठा का नोकरी मोठी?”

अंकिता माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, मी डॉक्टरकडं जाऊन आलेय. काळजाची पट्टी काढून आलेय. सगळं नॉर्मल हाय. आईला पटत नाय. ती म्हनते बाबांचं पन वरून काय कळत नव्हतं.”

हे वाक्य माझं होतं. आत काय चाललंय कळत नाही माणसाला. चौदा वर्षं त्या घरात ते जपून ठेवलेलं होतं.

अजूनही सुटता आलं असतं. डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला आहे ना, मग जाऊ द्या तिला, असं म्हणून मोठेपणा घेता आला असता. मुलगी पळाली असती, आईने माझे पाय धरले असते आणि मी दादाचा दादा राहिलो असतो. ते वाक्य जिभेवर आलंही, अगदी नीट घासूनपुसून. त्याची चव मला ओळखीची वाटली, त्या फोडीची. मी ते गिळलं.

म्हणालो, “सुरेखाताई, गजाननच्या काळजाला काही नव्हतं. तो उन्हाने गेला. भर दुपारी गच्चीवर डांबर टाकत होता. चक्कर येते म्हणून दोनदा सांगितलं त्याने, त्याला सावलीत बसू दिलं नाही. मला हे त्याच आठवड्यात कळलं होतं. त्याच्याबरोबरचा माणूस लिहून द्यायला तयार होता, मी लिहून घेतलं नाही. आणि तुमच्याकडून मी तो कागद लिहून घेतला. तुम्ही मला शंका म्हणजे काय विचारलंत, आणि मी सांगितलं नाही.”

मी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोललो. ती दुसरी भाषा त्या बाईपुढे पुन्हा वापरायची मला लाज वाटली.

ती रडेल, शिव्या देईल, पापडांची पिशवी उचलून तोंडावर मारेल, यांतलं काहीही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. अंकिताकडे बघत होती, तिच्या पायांकडे.

“पाचवीत व्हती,” ती हळूच म्हणाली. मला नाही, मुलीलाही नाही, नुसतीच. “शाळेच्या शर्यतीत पयली आलीवती. कप घेऊन नाचत घरी आली. त्यांना जाऊन वरीस पन झालं नव्हतं. मी तिला चपलेनं मारलीवती. इतकी मारलीवती की तिनी कप नदीत टाकला.”

“आई, जाऊ दे गं,” अंकिता म्हणाली.

“पयली आलीवती,” सुरेखा म्हणाली.

ती खाली बसली, फरशीवर, आणि मुलीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागली. गाठ बसत नव्हती. चोवीस वर्षांच्या मुलीने पाय मागे घेतला नाही. मी त्याच खोलीत होतो, चार हातांवर, आणि त्या दोघींपैकी कोणीही मला काही विचारलं नाही.